स्वगत सांगायचं कोणाला?

नांदेडला तालमीत एखादा पोरगा गणपतराव बेलवलकर करायला उभा राहिला, की दोन वाक्यांतच कळतं, यानं 'नटसम्राट' चित्रपट मोबाइलवर पाहिलाय. आवाज खाली, मान तिरपी, डोळे भरलेले. नाना पाटेकरांना ते शोभतं, कॅमेरा त्यांच्या तोंडाशी होता. कुसुम सभागृहाच्या शेवटच्या रांगेला डोळे कुठले दिसायला!

शिरवाडकरांचं मूळ नाटक १९७० चं. मुळाशी 'किंग लिअर' आहे, पण लिअर राजा आणि हा नट. घरदार मुलांना देऊन टाकलं, आता त्याचं ऐकून घेणारं कोणी नाही. म्हणून तो अंधारात बसलेल्या आपल्याशी बोलतो. रंगमंचावरच्या श्रीराम लागूंच्या गणपतरावाची स्वगतं त्या अंधाराच्या भरवशावर उभी होती.

पडद्यासमोरचा अंधार नटाच्या कामाचा नाही. तिथं माणूस एकटाच बोलत सुटला तर भ्रमिष्ट वाटतो. १ जानेवारी २०१६ ला आलेल्या चित्रपटात महेश मांजरेकरांनी यावर रामभाऊ काढला. विक्रम गोखल्यांनी केलेला हा गणपतरावाचा जुना नटमित्र मूळ संहितेत नाहीच. दवाखान्यात हे दोघं कर्ण-कृष्ण होतात, तेव्हा एकमेकांचे प्रेक्षकही होतात. आमच्यातले काही जुने रंगकर्मी या भूमिकेवर नाक मुरडतात. मला मात्र अख्ख्या रूपांतरातला हाच सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

लातूरकडच्या प्रेक्षकाची अडचण आणखी वेगळी. २०१५ च्या दुष्काळात नाना आणि मकरंद अनासपुरे मराठवाड्यात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या कुटुंबांना मदत देत फिरले होते, त्यातून 'नाम' फाउंडेशन उभं राहिलं. काही महिन्यांनी तोच माणूस पडद्यावर सगळं देऊन रिकामा झालेला दिसला. आधी नाना दिसायचे, गणपतराव मागून यायचा. हौशी रंगभूमीला हे नवीन नाही. आमचा बेलवलकर दिवसा कचेरीत बसतो आणि निम्मं सभागृह त्याला ओळखतं.

आमच्याकडं रामभाऊ नाही. मग स्वगताच्या तालमीला गणपतरावाची बायको कावेरी करणारीला मी शेवटच्या रांगेत बसवतो. नाटकात ती आधीच गेलेली असते, त्यामुळे मोकळीच असते. तिला सांग, म्हणतो. आवाजाची फेक आपोआप उठते. आणि एखादं वाक्य पोचलं नाही, तर बाई तिथूनच ओरडतात.