वेरूळच्या जैन लेण्यांतील प्रकाश

वेरूळच्या उत्तर टोकाला ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी आहेत. कैलास पाहून थकलेले यात्रेकरू येथे येतात, घाईने फ्लॅश उडवतात आणि परततात. घरी पाहावे तो छायाचित्रात मूर्ती सपाट दिसते. समोरून पडलेला प्रखर प्रकाश सावल्या पुसून टाकतो; आणि भगवान बाहुबलींच्या अंगावर चढलेल्या वेली तर सावलीमुळेच उठून दिसतात.

येथे बाहुबली व पार्श्वनाथ बहुधा समोरासमोरच्या भिंतींवर कोरलेले आढळतात. त्यामुळे अंगणातील उजेड त्यांच्यावर बाजूने पडतो. तोच पुरेसा मानावा. फ्लॅश बंद ठेवावा, छिद्र मोठे उघडावे, आयएसओ १६०० पर्यंत वाढवावा. शटर १/३० सेकंदावर आले, तर कोपर अंगाशी घट्ट धरून श्वास रोखावा. प्रकाशमापन उजळ अंगणावर केल्यास मूर्ती काळवंडते. ते मूर्तीच्या मुखावरच करावे. चौकटीच्या कडेला एखादा स्तंभ घेतला, की चित्राला खोली येते.

बाहुबली वर्षभर कायोत्सर्गात निश्चल उभे राहिले, म्हणून त्या वेली चढल्या. त्यांचे छायाचित्र घेणाऱ्याने अर्धा तास तरी स्थिर थांबावे. मग कॅमेरा उचलण्यापूर्वीच दर्शन घडलेले असते.