शंभर नाण्यांचं पाकीट

नाण्यांच्या प्रदर्शनात टेबल मांडून बसणाऱ्याला एक प्रश्न हमखास येतो. समोरचा माणूस पिशवीतून प्लॅस्टिकचं न फोडलेलं पाकीट काढतो. आत शंभर कोरी करकरीत नाणी असतात. "हे असंच ठेवून दिलं तर पुढं किती होतील?" माझं उत्तर बहुतेकांना रुचत नाही. मी म्हणतो, आधी बेरीज-गुणाकार करू.

पाच रुपयांची शंभर नाणी म्हणजे पाचशे रुपये. सात टक्के चक्रवाढ धरली तर पंचवीस वर्षांत त्याचे साधारण सत्तावीसशे होतात. म्हणजे प्रत्येक नाण्यामागं सत्तावीस रुपये हातात पडले तेव्हा कुठं तुम्ही बँकेच्या बरोबरीला आलात. व्यापारी घेताना निम्म्या भावानं घेणार, त्यालाही पोट आहे. तेव्हा ते नाणं बाजारात पन्नास-पंचावन्नला खपायला हवं, आणि तेही शंभरच्या शंभर. संग्राहकाला एका जातीचं एक नाणं लागतं, फार तर दोन. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांना गिऱ्हाईक कोण?

"पण दर्शनी किंमत तरी कुठं जात नाही ना?" हाही ठरलेला युक्तिवाद. जाते. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. गेंड्याच्या पंचवीस पैशांचं शंभराचं पाकीट ज्यानं जपून ठेवलं, त्याचे पंचवीस रुपये त्या दिवशी शून्य झाले. पन्नास पैसे अजून कायदेशीर चलन आहेत, पण कायद्यानं ते एका व्यवहारात दहा रुपयांपर्यंतच चालतात. म्हणजे पन्नास पैशांचं अख्खं पाकीट एकाच दुकानात खपवू म्हणाल तर दुकानदार वीस नाण्यांनंतर हात आखडता घेऊ शकतो, आणि त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

गठ्ठ्यानं नाणी साठवण्याचं वेड मुळात अमेरिकेचं. तिथं बँकेतून नाणी कागदात गुंडाळलेल्या रोलमध्ये मिळतात, पाच सेंटच्या चाळीस नाण्यांचा रोल दोन डॉलरचा. १९५० साली डेन्व्हरच्या टांकसाळीनं पाच सेंटची नाणी जेमतेम सव्वीस लाख पाडली. अमेरिकेच्या मानानं हे फारच थोडं. बातमी फुटली आणि लोकांनी रोलच्या रोल उचलून कपाटात टाकले. १९६४ च्या सुमारास दोन डॉलरच्या त्या रोलचा भाव बाराशे डॉलरच्या आसपास गेला होता. मग फुगा फुटला, कारण ज्याला हवं होतं त्याच्याकडं आधीच होतं, आणि विकायला मात्र सगळे एकदम निघाले. आजही त्या वर्षाचं कोरं नाणं सहज मिळतं. अवघड आहे ते हातोहात फिरून झिजलेलं मिळणं, कारण फिरायला कुणी सोडलंच नाही.

आपल्याकडं हाच न्याय स्मारक नाण्यांना लागतो. १९९९ चे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये, त्याच वर्षीचा संत ज्ञानेश्वरांचा एक रुपया, १९९० चा डॉ. आंबेडकरांचा रुपया. महाराष्ट्रात असं घर दाखवा, जिथं यातलं एखादं देव्हाऱ्यात, लॉकरमध्ये किंवा आजीच्या बटव्यात नाही. प्रेमानं ठेवलंय, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्याला मखरात बसवलं ते नाणं दुर्मीळ होत नाही. वैष्णोदेवीच्या पाच आणि दहा रुपयांच्या नाण्यांची तर कथाच निराळी. लाखोंना विकली जातात म्हणून फोनवर निरोप फिरतात, आणि लोक माझ्यापुढं ते नाणं रुमालातून उलगडून ठेवतात. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीसाठी आपलं नाव वापरून लोकांकडून शुल्क उकळलं जातंय, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्ये दिला होता. तो निरोप मात्र कुणी पुढं ढकलला नाही.

आणखी एक गोष्ट प्रदर्शनांत फारशी बोलली जात नाही. २०११ च्या नाणे कायद्याचं कलम १२ नाणी वितळवायला मनाई करतं हे पुष्कळांना ठाऊक असतं. त्याच कलमात पुढं असंही आहे की वाजवी गरजेपेक्षा फार जास्त नाणी, दर्शनी किमतीपेक्षा वेगळ्या किमतीला विकण्याच्या हेतूनं, जवळ बाळगता येणार नाहीत. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैदेची. वाजवी गरज किती हे ठरवताना माणसाची रोजची निकड, त्याचा धंदा, नाणी कुठून मिळवली आणि कुठं ठेवली हे बघायचं असतं. ही तरतूद काही छंदी लोकांवर डोळा ठेवून आलेली नाही. पाच रुपयांची नऊ ग्रॅमची जड तांबे-निकेलची नाणी बांगलादेशात नेऊन वितळवतात, त्यांची दाढीची पाती होतात, अशा बातम्या त्या आधीच्या काही वर्षांत येत होत्या. अल्बममधल्या चार-दोन नाण्यांना घाबरायचं कारण नाही. पण पलंगाखाली थैल्या रचून भाव चढायची वाट बघणाऱ्यानं ते कलम एकदा वाचावं.

बरं, पाकीट बंद राहिलं म्हणजे नाणी कोरी राहिली, असंही नव्हे. टांकसाळीतून निघालेली नाणी मोजणीयंत्रातून जातात, पाकिटात पडतात, ट्रकमधून हिंदकळत बँकेत येतात. एकमेकांच्या कडा लागून चेहऱ्यावर, मोकळ्या जागेवर बारीक खोचा पडतात. भिंगाखाली धरलं तर शंभरात निर्दोष म्हणावीत अशी पाच-सात निघाली तरी आनंद मानायचा. त्यात आपली हवा. मुंबईत किंवा कोकणात चार पावसाळे काढलेलं पाकीट उघडा. दहाच्या नाण्याची पिवळी कडी काळवंडलेली दिसेल, पोलादी रुपयावर तपकिरी ठिपके असतील. रबरबँड लावून ठेवलं असेल तर रबरातल्या गंधकानं नाण्यावर काळी रेघ ओढलेली असते, आणि ती कशानंही जात नाही. घासून तर मुळीच नाही. पितांबरीनं चकचकीत केलेली नाणी घेऊन लोक कौतुकानं येतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

मग पाकीट घ्यायचंच नाही का? घ्यायचं. फोडायला घ्यायचं.

आणि फोडायचंच असेल तर कोरं नको, वापरातल्या चिल्लरीचं घ्या. टांकसाळीच्या कोऱ्या पाकिटात सहसा एकाच टांकसाळीची, एकाच वर्षाची नाणी असतात. एक बघितलं की शंभर बघितली. किराणा दुकानदाराकडची किंवा देवस्थानाच्या दानपेटीतून बाहेर पडलेली चिल्लर मात्र तीस-पस्तीस वर्षं पोटात घेऊन येते. मी टेबलावर मऊ पांढरं कापड अंथरतो, दिवा डाव्या हाताला तिरका ठेवतो आणि सालाच्या खालची खूण बघत ढीग लावत जातो. चौकट दिसली की मुंबई, पाच टोकांची चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका नोएडाचा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. झिजलेल्या नाण्यावर चौकट आणि ठिपका यांची गल्लत होते. तिथं नाणं जरासं फिरवायचं. चौकटीचं टोक उजेड पकडतं, ठिपका पकडत नाही. चहा थंड होईपर्यंत चार ढीग उभे राहतात आणि पाचव्यात मोजकीच उरतात, ज्यांची खूण यातल्या कशातच बसत नाही. खरी मजा त्या पाचव्या ढिगात आहे.

नव्वदच्या दशकाअखेरीस आपल्या टांकसाळींना सुट्ट्या पैशांची मागणी पुरी करता येईना, तेव्हा सरकारनं परदेशात नाणी पाडून घेतली. मेक्सिको, स्लोव्हाकियातलं क्रेम्निका, दक्षिण आफ्रिकेतलं प्रिटोरिया, मॉस्को. १९९९ चे पाच रुपये हातात घ्या. सालाखाली बारीक रशियन अक्षरं दिसली तर ते मॉस्कोहून आलेलं. बाकी सगळं नेहमीसारखंच असल्यानं लोकांनी ते भाजीत, रिक्षात, पानाच्या ठेल्यावर खर्च करून टाकलं. याचं कोरं पाकीट कुणी जपून ठेवलं असतं तर मी स्वतः त्याच्या घरी गेलो असतो. पण तेव्हा ते पाकीट जपावं असं कुणाला वाटायला काही कारणच नव्हतं. सगळी ग्यानबाची मेख इथंच आहे.

म्हणून माझा व्यवहार साधा आहे. नवं नाणं आलं की प्रत्येक टांकसाळीची दोन-तीन चांगली निवडायची. कडेला धरायची, बोटाचा ठसा उमटू द्यायचा नाही. पीव्हीसी नसलेल्या पाकिटात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवायची. उरलेली बँकेत भरायची किंवा सरळ खर्च करायची. शंभर-शंभरच्या पाकिटात मोजून नेली तर बँकेच्या काउंटरवर कुरबूर कमी होते, आणि नाणी घ्यायला नकार देऊ नका असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना वारंवार बजावलेलं आहे. सोहळ्याच्या नाण्यांपेक्षा रोजच्या, कंटाळवाण्या नाण्यांकडं जास्त लक्ष द्यायचं. स्मारक नाणं जपायला देश आहे. साध्या रुपयाची या वर्षाची हैदराबादची प्रत जपायला मी आणि माझ्यासारखे थोडेच.

सध्या माझं लक्ष पन्नास पैशांवर आहे. रुपयाचं नवं चिन्ह आलं ते २०११ पासूनच्या नाण्यांवर, आणि त्या मालिकेत पन्नास पैशांचंही एक छोटं पोलादी नाणं होतं. तोवर दुकानात पन्नास पैसे घेणं बंद झालेलं, सुट्ट्याऐवजी चॉकलेट हातात पडत होतं, त्यामुळं बहुतेकांनी ते नाणं पाहिलेलंच नाही. तुमच्या ड्रॉवरच्या तळाशी, गाडीच्या कप्प्यात, जुन्या पर्समध्ये एखादं असेल तर काढा. साल बघा, खूण बघा, आणि कृपा करून ते घासू नका.