‘उंदराचं औषध’ आणि हृदयातली टिकटिक

“डॉक्टर, ही गोळी म्हणजे उंदराचं औषध आहे म्हणे. खरं का?”

काही वर्षांपूर्वी दवाखान्यात एका ताईंनी मला हे विचारलं. वय ३४. लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेला होता. त्यात हृदयाची मायट्रल झडप खराब झाली आणि पुढे शस्त्रक्रिया करून तिथे कृत्रिम झडप बसवावी लागली. तेव्हापासून रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरीनची गोळी सुरू होती. कुणीतरी मोबाईलवर मेसेज पाठवला होता, की ही गोळी उंदीर मारायला वापरतात.

बाहेर पेशंटची रांग होती. मी हसलो आणि म्हणालो, “असले मेसेज वाचू नका. गोळी चालू ठेवा.”

मी उत्तर टाळलं, हे त्यांनी बरोबर ओळखलं. घरी जाऊन त्यांनी गोळी बंद केली.

साधारण तीन आठवड्यांनी त्यांचे यजमान त्यांना रिक्षातून घेऊन आले. प्रचंड धाप, आडवं पडता येत नव्हतं. यांत्रिक झडप असलेल्या माणसाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला की स्पष्ट ‘टिक’ असा आवाज येतो. रात्रीच्या शांततेत तो शेजारी झोपलेल्या माणसालाही ऐकू येतो. त्या दिवशी तो आवाज जवळजवळ विरला होता. झडपेवर रक्ताची गुठळी धरली होती आणि आतली चकती अडकत होती. ताबडतोब मोठ्या रुग्णालयात हलवलं, गुठळी विरघळवणारं औषध दिलं गेलं आणि त्या वाचल्या.

त्यांच्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला मला पाच मिनिटं लागली असती. ती पाच मिनिटं मी दिली नाहीत. आज तुम्हाला देतो.

बुरसटलेल्या चाऱ्याची गोष्ट

१९२० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडाच्या थंड भागात गुरं रक्तस्राव होऊन मरू लागली. साधी जखम झाली तरी रक्त थांबेना. पशुवैद्यांनी शोधून काढलं, की ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचा चारा ओला राहून बुरसटला की हा त्रास होतो. पण चाऱ्यातलं नेमकं काय बाधतं, ते कळत नव्हतं.

फेब्रुवारी १९३३ मध्ये एक शेतकरी बर्फाच्या वादळात गाडी हाकत विस्कॉन्सिन विद्यापीठात पोहोचला. सोबत मेलेली कालवड, बुरसटलेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेलं, न गोठणारं रक्त. ते प्राध्यापक कार्ल पॉल लिंक यांच्या हाती आलं. त्यांच्या प्रयोगशाळेला चाऱ्यातला दोषी पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा करायला १९३९ साल उजाडलं. हा पदार्थ शरीरातल्या ‘के’ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतो, म्हणून रक्त गोठायला वेळ लागतो. त्याच्यासारखे अनेक पदार्थ तयार करून पाहताना त्यांना एक जास्त जोरदार पदार्थ सापडला. तो १९४८ मध्ये उंदरांचं विष म्हणून बाजारात आला. पुढे मोजक्या मात्रेत माणसांवर उपयोग सिद्ध झाला आणि १९५४ मध्ये त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही हेच औषध दिलं गेलं.

म्हणजे मेसेज खोटा नव्हता, अर्धवट होता. उंदीर न मोजता खातो आणि त्याचं रक्त कुणी तपासत नाही. तुमची मात्रा मिलिग्रॅममध्ये ठरते आणि रक्त तपासून बदलते. मात्रा जास्त झालीच तर ‘के’ जीवनसत्त्व हा उताराही आमच्याकडे आहे.

नावातच विद्यापीठ

वॉरफेरीनमधला ‘वॉर्फ’ म्हणजे ‘विस्कॉन्सिन अ‍ॅल्युम्नाय रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेची इंग्रजी आद्याक्षरं. ही संस्था कशी जन्मली, हे ऐकण्यासारखं आहे.

त्याच विद्यापीठातल्या हॅरी स्टीनबॉक यांनी दाखवलं होतं, की अतिनील किरण सोडले की अन्नात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं. मुलांमधल्या मुडदुसावर हा मोठा उपाय होता. पेटंटच्या अर्जाचा खर्च त्यांनी स्वतःच्या खिशातून केला, पण त्यातून येणारा पैसा संशोधनाकडे परत जावा, असं त्यांना वाटत होतं. म्हणून १९२५ मध्ये ही संस्था उभी राहिली. वॉरफेरीनचं पेटंटही पुढे तिच्याकडेच गेलं.

पेटंट म्हणजे गुपित, असा आपला समज असतो. खरं तर या शब्दाच्या मूळ लॅटिन अर्थात ‘उघडं’ असणं आहे. संशोधकाने आपली कृती जगासमोर लिहून द्यायची आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षं (आज बहुतेक देशांत अर्जापासून २० वर्षं) इतरांना ती परवानगीशिवाय वापरता येत नाही. विद्यापीठाकडे कारखाना नसतो. कारखानदार चाचण्यांवर मोठा खर्च करायला तयार होतो, तो बऱ्याचदा या हक्कामुळेच. याची दुसरी बाजूही तुम्हाला माहीत आहे: मुदत संपेपर्यंत औषध महाग राहू शकतं. वॉरफेरीनची मुदत केव्हाच संपली. आज कुठलीही परवानाधारक कंपनी ते बनवू शकते, म्हणून ही गोळी स्वस्त आहे. स्वस्त आहे म्हणून तिला हलकं समजू नका.

आणि ती झडप?

यांत्रिक झडपांपैकी एकीची गोष्ट आपल्या देशातली आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हृदयशल्यचिकित्सक डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस झडपेचं काम हाती घेतलं. परदेशी झडपा आपल्या बहुतेक रुग्णांना परवडत नव्हत्या.

अडचण पदार्थाची होती. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर झडप दिवसात १ लाखाहून जास्त वेळा उघडते आणि मिटते. कुठला पदार्थ वर्षानुवर्षं इतका मार सोसेल, झिजणार नाही आणि रक्तालाही चालेल? त्यांची पहिली तीन मॉडेल्स अपयशी ठरली. एकात कृत्रिम नीलमण्याची चकती होती. इतका कठीण पदार्थ, पण प्राण्यांवरच्या चाचणीत तीही फुटली. चौथ्या मॉडेलमध्ये कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची चौकट आणि एका अतिशय चिवट पॉलिएथिलीनची चकती घेतली. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यातही याच जातीचं प्लॅस्टिक असतं. ते मॉडेल टिकलं. ६ डिसेंबर १९९० रोजी ती झडप पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. पुढे तंत्रज्ञान उद्योगाकडे सोपवलं गेलं आणि ‘टीटीके चित्रा’ नावाने ती देशभर पोहोचली.

पण इतकी मेहनत घेऊनही एक गोष्ट जमलेली नाही. यांत्रिक झडप कुठल्याही देशातली असो, रक्त तिला परकं मानतं आणि तिच्यावर गुठळी धरू पाहतं. ती उणीव रोजची गोळी भरून काढते. म्हणून झडप आणि गोळी ही जोडी आहे.

तुमच्या वाट्याचं काम

– गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्या. माझ्यासकट कुणाच्याही गडबडीच्या उत्तरावरून किंवा मोबाईलवरच्या मेसेजवरून बंद करू नका.
– ‘आयएनआर’ ही रक्ततपासणी सांगितलेल्या तारखेला करा. तुमचा आकडा किती हवा, हे झडपेच्या जागेवर अवलंबून असतं. तो डॉक्टरांकडून वहीत लिहून घ्या.
– पालेभाज्या सोडायची गरज नाही. प्रमाण साधारण सारखं ठेवा.
– अंगदुखीची गोळी, अँटिबायोटिक किंवा काढा न विचारता घेऊ नका.
– रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्यांची जाहिरात पाहिली असेल. यांत्रिक झडपेसाठी त्या चालत नाहीत.
– मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधी भेटा. या गोळीने गर्भाला अपाय होऊ शकतो.
– दात काढायचा असेल तर झडपेबद्दल आधी सांगा.
– अचानक धाप, तोंड वाकडं होणं, हातापायातली शक्ती जाणं, काळी शौच किंवा झडपेचा आवाज बदलणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

त्या ताई आता दर महिन्याला वही घेऊन येतात. बरं वाटल्यावर पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी त्यांची माफी मागितली आणि वर लिहिलेली सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “एवढंच होतं तर तेव्हाच सांगायचं ना, डॉक्टर.”

त्यांचं बरोबर होतं. तुमच्याही मनात एखाद्या गोळीबद्दल असा प्रश्न अडकला असेल, तर पुढच्या भेटीत विचारा. रांग असली तरी विचारा.