फॅन दाओ

४ जून
कपाट आवरताना झैनुल आबेदिन यांच्या बंगालच्या दुष्काळावरच्या चित्रांच्या छापील प्रती हाती लागल्या आणि आवराआवर तिथेच राहिली. १९४३ चं कोलकाता. रस्त्यावर पडलेली आई, बिलगलेलं पोर, जवळ कावळा. कोरड्या ब्रशचे काळे फटकारे, बस्स. मागे भिंत नाही, आकाश नाही.

५ जून
ती माणसं दारोदार भात मागत नव्हती. 'फॅन दाओ' म्हणत होती, म्हणजे भात वेळून उरलेली पेज द्या. आज भात वेळताना पातेलं तिरकं धरलं, तर हात पुढे जाईना.

७ जून
आबेदिन तेव्हा तिशीच्या आतले, कलाशाळेत शिकवणारे. चित्रं काढली ती साध्या, स्वस्त वेष्टनाच्या कागदावर. त्यातला एक हात उतरवून पाहिला. खांद्यापासून मनगटापर्यंत एकच फटकारा, आणि मध्ये शाई संपत जाते तिथे हाड दिसायला लागतं. मला ती शाई संपू देता येत नाही. मी सारखी बाटलीकडे वळते. सात कागद गेले.

८ जून
आज त्याच दुष्काळाची चित्तप्रसाद यांची चित्रं. नोव्हेंबर १९४३ मध्ये ते मेदिनीपूर जिल्ह्यात गावोगाव फिरले. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या वादळाने तिथली शेतं आधीच बुडवली होती. ब्रह्मदेश जपानने घेतला, तिकडचा तांदूळ बंद. शत्रूला मिळू नयेत म्हणून सरकारने किनाऱ्याकडच्या गावांच्या नावाही काढून घेतल्या. मग मासेमारी कशी करायची, धान्य कशातून आणायचं? भाव गरिबाच्या हाताबाहेर गेले. माणसं किती गेली, तर अंदाज ३० लाखांच्या घरातला.
चित्तप्रसाद मात्र एकेका माणसाजवळ बसले. चित्रासोबत त्याचं नाव, गाव लिहून ठेवलं. त्यांच्या 'हंग्री बेंगॉल' पुस्तिकेच्या प्रती सरकारने जप्त करून जाळल्या. मला वाटतं, नावांचीच धास्ती जास्त असावी.

९ जून
पुढे चित्तप्रसाद कित्येक वर्षं अंधेरीत राहिले. याच स्टेशनातून मी इतकी वर्षं गाडी पकडते, आणि हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

१० जून
पुलाखाली एक म्हातारा भिंतीला टेकून झोपला होता. वहीत काढला. पाठीचा बाक एका रेषेत आला, पायांना दोन लागल्या. खाली लिहायला काहीच नव्हतं. तो जागा होईपर्यंत तीन गाड्या सोडल्या.