पहिल्या गाडीआधी

वऱ्हाडातली सकाळ उन्हाच्या आधी घाईने उजाडते. अमरावती-अकोला, अकोला-अमरावती असं रोज अपडाऊन करणारी माणसं, शिक्षक, बँकेतले, कचेऱ्यांमधले, उठल्यापासून पाऊण तासात घराबाहेर असतात. उकळता चहा, चौकातले तर्री-पोहे, पाठीवर डबा, आणि घड्याळाकडे एक डोळा. त्यांच्यातल्या काहींच्या पोटात नेमकी याच वेळी कळ उठते. एकदा जाऊन यावं, चप्पल घालावी, तर पुन्हा मुरडा. तिसऱ्यांदा जाऊनही साफ झाल्याचं समाधान नाही. सकाळी अकरानंतर हेच पोट गरीब गाईसारखं पडून असतं. डॉक्टर याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस, म्हणतात. आजार आतड्याचा खरा, पण त्याचा सकाळचा जोर बराचसा वेळापत्रकातून येतो, असं माझं मत आहे. म्हणून काय खायचं हे ठरवण्याआधी, कधी आणि किती घाईत खायचं हे ठरवावं.

शरीराचं कामकाजच तसं आहे. मोठं आतडं रात्री जवळजवळ निजलेलं असतं आणि जाग येताच त्याची हालचाल वाढते. त्यात जठरात अन्न पडलं, की जठर ताणल्याचा निरोप आतड्याला पोचतो आणि ते आतला ऐवज पुढे ढकलू लागतं. खाणं जितकं जास्त आणि तेलकट, तितका हा धक्का मोठा. चहा-कॉफीतलं कॅफीन त्याला आणखी डिवचतं. दूध न पचणाऱ्या काहींना चहातलं दूधही पुरतं. वर गाडी चुकण्याची धास्ती असतेच, आणि मेंदू व आतडं यांच्यात मज्जातंतूंची दुतर्फा वाहतूक अखंड चालू असल्याने ती धास्तीही थेट खाली उतरते. निरोगी माणसाचं पोट या सगळ्याने नुसतं साफ होतं. आयबीएस असलेल्याचं आतडं जास्त हळवं असतं, त्याला तीच आकुंचनं कळ बनून जाणवतात. म्हणजे निसर्गाने आतड्याला जो तास दिला, त्याच तासात आपण चहा, तर्री, घाई आणि काळजी एकदम कोंबतो. त्यातला एकेक भार बाजूला सरकवता येतो. उठणं तासभर अलीकडे. उठल्यावर कोमट पाणी आणि अंगणात किंवा गच्चीवर थोडं चालणं. मग थोडंसं, कोरडं, कमी तेलाचं खाणं. त्यानंतर घाई न करता बसायला मिळेल असा वेळ. पोह्यांवरची तर्री रविवारसाठी राखावी, सोडायची गरज नाही. रात्रीचं जेवण उशिरा आणि भरपेट असेल तर सकाळ आदल्या रात्रीच बिघडलेली असते, हेही ध्यानात घ्यावं.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2008 साली आयबीएससाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांची सुरुवात अशाच साध्या गोष्टींनी होते: जेवणाच्या वेळा नियमित ठेवा, सावकाश खा, जेवण चुकवू नका, चहा-कॉफी दिवसाला तीन कपांच्या वर नेऊ नका. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश चाचणीत नियमित व्यायाम वाढवणाऱ्यांची लक्षणं, न वाढवणाऱ्यांच्या तुलनेत, कमी झालेली दिसली. अमरावतीत 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे. व्यायाम पोटाच्याही कामाचा असतो, हे या शहराला वेगळं सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप असा, की जुनी माणसं पहाटे उठून शेताकडे जात, त्यांना कुठे होते हे चोचले? त्यांना त्रास नव्हता याची नोंद कुणी ठेवली नव्हती. ती खाण्याआधी चालत, हे मात्र खरं आणि घेण्यासारखं. पण त्याच व्यवस्थेत बायकांना अंधार पडेपर्यंत वेग दाबून धरावा लागे, ते आठवणीतून वगळू नये. गाडगेबाबांनी याच मुलखातून निघून गावोगाव खराटा चालवला, तो जुन्या सकाळी सुंदर होत्या म्हणून नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागतो: हे सगळं मनाचं आहे. पोटाच्या अशा विकारांचं निदान ठरवणाऱ्या 2016 च्या रोम निकषांनी त्यांना आतडं आणि मेंदू यांच्या परस्परसंबंधातले विकार म्हटलं आहे. त्यात मन येतं, पण कळ काल्पनिक ठरत नाही. पावसाळ्यात दूषित पाण्याने जुलाब झालेल्यांपैकी साधारण दहातल्या एकाला पुढे आयबीएस जडतो, तो काही विचार करून जडत नाही.

काहीजण उलट टोकाला जातात आणि गहू, दूध, तूर, कांदा, लसूण सगळं एकदम बंद करतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने मांडलेल्या फॉडमॅप आहारातही हे बंद करणं काही आठवड्यांपुरतंच असतं. पुढे एकेक पदार्थ परत आणून पाहायचा असतो, तोही आहारतज्ज्ञाच्या देखरेखीत. वऱ्हाडी ताटात या बाबतीत एक सोय आहे. ज्वारीची भाकर गव्हाच्या पोळीपेक्षा अशा पोटांना बहुधा सोसते. तूरडाळीचं प्रमाण तपासून पाहावं. इसबगोल हळूहळू वाढवत घ्यावं. गव्हाचा कोंडा मात्र अनेकांचं पोट आणखी फुगवतो.

उरतो तो आक्षेप वेळेचा, आणि तो मला निम्मा मान्य आहे. पहाटे चारला उठून डबे करणाऱ्या बाईला आणखी तासभर लवकर ऊठ म्हणणं हा सल्ला नव्हे, चेष्टा आहे. तिथे आधी घरातली कामं वाटली जायला हवीत. बाकीच्यांसाठी हिशेब निराळा आहे. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात 75 किलोमीटर लांबीचा एकपदरी रस्ता 105 तास 33 मिनिटांत डांबरून विश्वविक्रम झाला. रस्ता सुधारून वाचलेली मिनिटं अंथरुणाला न देता पोटाला द्यावीत. विक्रम डांबराचा होता, स्वच्छतागृहांचा नव्हता. वाटेत जायला जागा मिळेल की नाही ही धास्तीच पुष्कळदा कळ आणते. म्हणून जमेल त्याने एसटीऐवजी बडनेरा-मूर्तिजापूर-अकोला अशी रेल्वे धरावी. डब्यात शौचालय आहे एवढ्या खात्रीनेच काहींना ते वापरावं लागत नाही.

दिनचर्येने हा आजार मुळापासून जात नाही, औषधं लागली तर घ्यावीत. शौचात रक्त, विनाकारण घटणारं वजन, ताप, पंडुरोग, झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीच्या सुमारास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास यातलं काही असेल, तर कोमट पाणी आणि ज्वारीची भाकर बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरकडे तपासणी करून घ्यावी.