हातातलं बोरीबंदर

आमच्या अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. पेणकडून थळच्या खत कारखान्यापर्यंत रूळ आलेत, पण त्यांवरून मालगाड्या जातात. माणसांनी जायचं ते रस्त्याने, नाहीतर पाण्यातून. अशा गावात माझ्या भाचीने मोबाइलच्या कव्हरवर मुंबईच्या व्ही.टी. स्टेशनचा फोटो छापून घेतलाय. गणपती नाही, कुलाबा किल्ला नाही, स्टेशन!

फोटो तिनेच काढलेला, समोरच्या महापालिकेच्या बाजूने. छापला आमच्या बाजारपेठेतल्या मोबाइलच्या दुकानात. इमारत ऐसपैस पसरलेली आणि मोबाइल उभा, अरुंद. त्यामुळे दोन्हीकडचे भाग छाटले गेलेत. उरलाय तो मधला घुमट, त्याखालचं घड्याळ आणि कमानींच्या थोड्या ओळी. डाव्या कोपऱ्यात कॅमेऱ्यासाठी भोक आहे, त्यात एक मनोरा अख्खा गेला. बोटं जिथे टेकतात तिथली छपाई उडून पांढरी रेघ उमटलीय. कडेचं पारदर्शक सिलिकॉन खाऱ्या हवेत नि उन्हात पिवळं पडलंय, आणि गंमत म्हणजे त्या पिवळटपणाच्या चौकटीत फोटोतला दगड जास्त खरा दिसतो.

घुमटाच्या टोकावर प्रगतीचा पुतळा आहे. एका हातात उंच धरलेली मशाल, दुसऱ्या हाताशी आऱ्यांचं चाक. कव्हरवर ती बाई तिळाएवढी झालीय. खालच्या भिंतींवर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी दगडात कोरलेली पानं, मोर, माकडं, मुंगसं तर इथे दिसणंच शक्य नाही. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्यावर १८७८ साली काम सुरू झालं, पुरं व्हायला दहा वर्षं गेली. समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच. २००४ साली युनेस्कोने स्टेशनला जागतिक वारसा म्हटलं. मला मात्र त्याच्या आधीची गोष्ट जवळची वाटते. १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याकडे पहिली गाडी सुटली ती तिथल्याच बोरीबंदरहून. माल उतरवायची, साठवायची ती जागा. म्हणजे ज्याला आपण रेल्वेचं माहेर समजतो, तेही मुळात आमच्या रेवस-मांडव्यासारखं बंदरच.

आमच्याकडची जुनी माणसं रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरायची. त्यांची मुंबई तिथे, मासळीच्या वासात सुरू व्हायची. भाचीची मुंबई व्ही.टी.ला सुरू होते. मांडव्याहून बोटीने गेटवे, तिथून बस, मग लोकल पकडून दादरकडचं हॉस्टेल. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद, मग एस.टी.ने पनवेल आणि तिथून हार्बरची गाडी. तीही शेवटी येते व्ही.टी.लाच, पण तेवढ्या लांब न जाता भाची कुर्ल्याला गाडी बदलते. तरी ओढ आहे ती त्या घुमटाचीच.

मी विचारलं, "एवढं काय गं त्या स्टेशनात?"

"मावशी, तिथे कुणाला विचारावं लागत नाही. वर बघायचं, गाडी किती वाजता ते लिहिलेलं असतं. इथे आधी समुद्राला विचारायचं."

हे तिने सहज म्हटलं, पण मी त्यावर फार विचार केला. किनाऱ्यावर वाढलेल्या आम्हा बायकांचं जाणं कायम कशावर तरी अवलंबून राहिलंय. वारा, भरती, शेवटची बोट, सोबतीला कोण आहे. वेळापत्रकाची मुभा आम्हाला मिळालीच नव्हती. अलिबागची शांतता मला प्रिय आहे. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार, त्यांच्या विजेने चुंबकीय मोजमापात घोळ होणार, म्हणून तिथल्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली इथे आली. ही जागा निवांत म्हणूनच निवडली गेली. त्या आवारावरून जाताना मला अजूनही अभिमान वाटतो. पण विशीतल्या मुलीला निवांतपणा पुरत नाही, आणि तो पुरावा असा आग्रह धरणं अन्याय आहे. पेणहून अलिबागला प्रवासी गाडी यावी असं मला मनापासून वाटतं, ते तिच्यासाठी. वेधशाळेच्या सुया जपून गाडी कशी आणायची, हे जाणकारांनी बसून ठरवावं; ठरवता येईल.

परवा तिने नवीन कव्हर घ्यायचं काढलं. जुन्याची एक कड फाटलीय. फोटो कुठला टाकू म्हणाली. घुमट आता पुरे, म्हटलं, जवळ जा. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ बसलाय. लोकलच्या तिकिटांच्या दालनात छतावर तारे आहेत, रांगेत उभी असताना कधी मान वर केलीस का? तिने केली नव्हती. तिकीट मोबाइलवरच निघतं, रांगेत कोण उभं राहतं, म्हणाली. मग आता मुद्दाम रांगेत उभी राहा, आणि माझंही एक कव्हर छापून आण.