घाटावरची थंडी, घमेल्यातली मेथी

दोस्तांनो, मलकापूरहून बुलढाण्याची एसटी पकडा. मोताळा मागे पडलं की राजूर घाट लागतो आणि गाडी वळणं घेत अजिंठ्याच्या डोंगररांगेवर चढते. खाली पूर्णेचं काळ्या मातीचं खोरं. वर, सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर बुलढाणा! उंची वाढते तशी हवा गार होते. म्हणून हिवाळ्यात इथं मेथी, पालक, कोथिंबीर कशी मजेत वाढतात!

शेत नसलं तरी बिघडत नाही. जुन्या घमेल्याच्या बुडाला भोकं पाडा. त्यात माती-शेणखत भरा, वर मूठभर मेथीदाणे पेरा. तीन-चार दिवसांत अंकुर, महिन्याभरात भाजी! जिल्ह्यात पाण्याची ओढ असते खरी. पण डाळ-तांदूळ धुतलेलं पाणीही घमेल्याला चालतं.

मग करा वऱ्हाडी घोळाणा. कच्ची मेथी नि कांदा बारीक चिरा. तिखट, मीठ, दाण्याचा कूट आणि कच्चं तेल घालून कालवा. सोबत गरमागरम भाकर!

आळस मात्र नको हं! होळीच्या सुमारास ऊन तापलं की मेथी फुलावर येते, पानं निबर होतात. म्हणून दिवाळीचे फटाके संपले, की लगेच पेरणी!